ओतायच्या आधी बघावं

लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी आईच्या घरी, समोरच्या खोलीत बसून एका संगणकाचा दिवसातून चार-चार वेळा जीव घेत होते. चालता चालता त्याचा प्लग उपटायचा, पुन्हा लावायचा, उठला की पुन्हा उपटायचा. लोडशेडिंगने मेहेरबानी केली तर प्लग उपटायचेही कष्ट नसत. शेजारणी आईला विचारायच्या, "बाई, लेक काय करती दिवसभर घरात बसून?"

"ओळी मोजती," आई सांगायची.

"कशाच्या ओळी?"

"कॉम्प्युटरच्या. कुठल्या चालल्या आन कुठल्या न्हाई चालल्या, ते बघती."

माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मी आजवर कुठल्या सभेत ऐकलेली नाही. संगणक सुरू झाला की सगळ्यांत आधी जागा होतो आणि सगळ्यांत शेवटी झोपतो तो प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. आपण गाणं लावतो, फोटो उघडतो, कागद छापतो, आणि खाली बसून कोणाला किती जागा, कोणाची पाळी आधी, हे सगळं तो ठरवत असतो. त्याच्यात ओळी लाखोंनी. आम्ही त्याच्या चाचण्या घेतो. पण चाचणी पास झाली म्हणून हुरळून जाण्यात अर्थ नसतो, कारण चाचणी घेताना कोणत्या ओळी खरोखर चालल्या आणि कोणत्या नुसत्या पारावर बसून राहिल्या हे त्यातून कळत नाही. ते कळायला कर्नल वेगळ्या पद्धतीने बांधून घ्यावा लागतो. कोडच्या प्रत्येक तुकड्यापाशी एक आकडा बसवतात; तुकडा चालला की आकडा एकाने वाढतो. शेवटी ते आकडे वाचायचे. चाललेली ओळ हिरवी, न चाललेली लाल. याला आमच्या धंद्यात कव्हरेज म्हणतात. हे आकडे चालत्या यंत्राच्या स्मृतीत असतात. वीज गेली की आकडेही गेले.

मी पुण्यातल्या एका कंपनीत हे काम करत होते आणि लातूरला आले होते ते आईसाठी. आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मी एकुलती. अशा डोळ्यांनी ही बाई टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभी राहते हे मला फोनवर शेजारच्या काकूंकडून कळलं. मी तशीच निघाले आणि दारातच म्हणाले, "चल पुण्याला."

"मी न्हाई यायची," आई म्हणाली. "पाणी न्हाई म्हणून घर सोडायचं का? मग ह्या गल्लीनं सगळ्यांनीच जायाला पायजे."

तिच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. मग मीच राहिले. आमच्या गटाचा प्रमुख माझ्याहून दहा वर्षांनी लहान, वागायला गोड, पण हातचं राखून बोलणारा. त्याने घरून काम करायला तीन महिने दिले आणि सोबत एक काम दिलं. कर्नलमध्ये डिस्क सांभाळणारा एक भाग आमच्या कंपनीने लिहून घातला होता. त्यातली कोडची एक फाईल वर्षानुवर्षं जवळजवळ सगळी लाल होती. "ती हिरवी करा, मॅडम," तो म्हणाला. "नाही झाली तर तिमाही संपल्यावर ते काम पुण्याच्या लॅबकडे द्यावं लागेल. मग तुम्हालाही इथंच यावं लागेल. वरून तसं सांगितलंय."

म्हणजे एका फाईलवर माझं लातूरला राहणं अडकलं होतं. फाईल लाल राहिली तर एक तर नोकरी सोडायची, नाही तर आईला रांगेत उभी ठेवून जायचं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला पुन्हा नोकरी शोधणं काय असतं ते मी इतरांचं बघितलं होतं. आणि आईला सोडून जाणं मला जमणार नव्हतं, हेही मला पक्कं माहीत होतं.

ती फाईल लाल का होती, तेही सांगते. डिस्कवर काही लिहायचं असलं की कर्नल ते आधी एका कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि मग पक्क्या जागी उतरवतो. मध्येच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना तो कच्ची वही उघडतो आणि राहिलेलं काम पुरं करतो. ही कच्ची वही वाचणारी फाईल माझ्या वाट्याला आली होती. वीज गेल्याचं सोंग आणणाऱ्या चाचण्या आमच्याकडे होत्या, पण सोंगात या फाईलच्या दारापर्यंतच जाता यायचं. पुण्याच्या लॅबमध्ये खरी वीज कधी जातच नव्हती. तिथं एक बॅटऱ्यांची खोली होती, तिच्यामागे जनरेटर, आणि जनरेटरचीही काळजी घ्यायला दोन माणसं.

माझ्या घरी यातलं काही नव्हतं. एक इन्व्हर्टर होता, त्यावर पंखा, एक दिवा आणि माझा लॅपटॉप चाले. ज्याची चाचणी घ्यायची तो जुना संगणक मी मुद्दाम थेट भिंतीतल्या प्लगला लावला होता. लातूरची वीज त्याचा रोज निकाल लावायची. मला वाटलं, झालं, आठवडाभरात फाईल हिरवीगार करून दाखवते.

दोन महिने झाले, एक ओळ हिरवी होईना.

वीज जायची, यायची, यंत्र उठायचं, फाईली सगळ्या ठीकठाक असायच्या. म्हणजे कच्ची वही कोणीतरी वाचत होतं हे उघड होतं. पण आकडे बघावेत तर शून्य. मी मोजणारं साधन तपासलं, कर्नल पुन्हा पुन्हा बांधला, वेगळ्या डिस्क लावून बघितल्या. प्रमुख फोनवर म्हणाला, "मॅडम, कदाचित ते कोड मेलेलंच असेल. कोणी वापरतच नसेल. काढून टाकायचा प्रस्ताव देऊ या का?" मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी घासली की आई म्हणाली, "भांड्यानं काय केलंय तुझं?"

आता थोडं मागे जाते.

मी मोठ्या दुष्काळात जन्मले. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्यानंतर पहिलं काम केलं ते पोरीला शाळेत घालायचं. ती पोरगी म्हणजे माझी आई. ती नर्स झाली. मी नऊ वर्षांची असताना लातूर वेगळा जिल्हा झाला, आणि मुरुडजवळच्या एका गावात तिला उपकेंद्र मिळालं. नवा जिल्हा म्हटल्यावर लोकांना वाटे, आता रस्ते होणार, नळ येणार, नोकऱ्या लागणार. आमच्या घरी नव्या जिल्ह्याची एकच खूण आली. आईच्या वह्यांवर शिक्के जुन्याच जिल्ह्याचे होते, आणि प्रत्येक शिक्क्यावर रेघ मारून वर शाईने 'लातूर' लिहायचं होतं. ते काम माझ्याकडे होतं. वह्यांच्या चळतीसमोर मांडी घालून मी 'लातूर, लातूर' लिहीत बसायचे आणि मला तहसीलदार झाल्यासारखं वाटायचं.

शाळेला सुट्टी असली की आईबरोबर घरभेटीला जायचे. हिवतापाचे दिवस. घरोघर जाऊन रांजण, डेरे, हौद बघायचे, आत डासांच्या अळ्या आहेत का ते वहीत लिहायचं, असल्या तर पाणी ओतायला लावायचं, आणि निघताना दाराजवळच्या भिंतीवर गेरूने खूण करायची. वरचे साहेब कधी आले तर भिंतीवरच्या खुणा मोजून जायचे. त्यामुळे काही कर्मचारी रस्त्यावरूनच हात लांब करून खूण करत आणि पुढे निघत. आई तसं करत नसे. काही घरांत तिला अंगणातच थांबवायचे. "बाई, तिथूनच लिहा की," म्हणायचे.

"तिथून अळ्या दिसत न्हाईत," आई शांतपणे सांगायची. "झाकण तुमी काढा. मी शिवत न्हाई. पण बघणार मी जवळूनच."

आणि बॅटरी मारून, वाकून, सावकाश बघायची. आम्ही वळलो की मागे रांजण ओतल्याचा आवाज यायचा. ती बघून गेली म्हणून ते पाणी ओतून देत. मला रडू यायचं. आई चालता चालता म्हणायची, "वतू दे. अळ्या तर मेल्या ना?"

एकदा मात्र तिने मला मारलं. एका घरची म्हातारी प्रेमळ होती, मला गूळ-शेंगा द्यायची. तिला खूष करायचं म्हणून आई आत पोचायच्या आधीच मी तिचा डेरा लवंडून, खसाखसा धुऊन पालथा घातला. आई आली, पालथा डेरा बघितला आणि मला एक ठेवून दिली.

"मी साफ केला ना!" मी रडत म्हणाले.

"साफ केलास. आन आता वहीत काय लिहू? अळ्या व्हत्या का नव्हत्या?" ती म्हणाली. "वतायच्या आधी बघावं. वतल्यावर काय दिसतंय, माती?"

त्या घरापुढचा रकाना तिने कोरा ठेवला. खूणही केली नाही. पुढच्या आठवड्यात त्या एका डेऱ्यासाठी ती चार मैल चालत परत गेली. तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला होता.

त्यानंतर मी नांदेडला इंजिनिअरिंगला गेले. तिथं मला उलटाच धडा मिळाला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझ्या आधी बसलेल्या मुलीचे आकडे यंत्रात तसेच राहिले होते, ते माझ्या उत्तरात मिसळले आणि सरांनी माझे गुण कापले. मी चिडून रडले, आणि त्या दिवशी कानाला खडा लावला. यापुढे कुठलंही मोजमाप करायचं तर आधी सगळं शून्यावर आणायचं. हा नियम मी वीस-बावीस वर्षं पाळला. कंपनीत नव्या मुलांना तो मी मोठ्या तोऱ्यात शिकवत असे.

तर तिमाही संपायला जेमतेम तीन आठवडे उरले असतानाची एक सकाळ. शेजारच्या काकू सांगत आल्या की टँकर आज नक्की येणार. आठ-नऊ दिवसांनी पाणी यायचं, ते आम्ही अंगणातल्या निळ्या ड्रममध्ये भरून ठेवायचो. नवं पाणी घ्यायच्या आधी ड्रम धुवावा म्हणून मी तळाचं बादलीभर पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतलं आणि फडक्याने ड्रम पुसायला घेतला.

आतून आईचा आवाज आला. "आत बघितलीस का?"

"काय बघायचं?"

"अळ्या. आठ दिसाचं पाणी हाय ते. वर्षभर गल्लीत ताप चालू हाय, आन तू इचारतीस काय बघायचं?"

"ओतलं मी. आता कसल्या अळ्या!"

आई भिंत धरत धरत दारात आली. डोळे अधू, पण आवाज तोच, मुरुडकडच्या वाड्यावस्त्यांवर ऐकू जाणारा. "माय माय माय! टँकर आला न्हाई अजून आन हिनं हाय ते वतलं! आन वतलं ते वतलं, बघून तरी वतावं. आता शेजारी इचारलं, तुमच्या डरमात व्हत्या का, तर काय सांगू? लहानपणी एक खाल्लीस ती इसरलीस व्हय?"

मी काही विसरले नव्हते. मी ड्रमजवळ उकिडवी बसून राहिले, हातात ओलं फडकं. मग उठले आणि हात न पुसताच समोरच्या खोलीत पळाले. आई मागून विचारत होती, "आता काय झालं?"

आमच्या सगळ्या चाचण्या एका स्क्रिप्टने सुरू व्हायच्या. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला द्यायच्या हुकमांची यादी. ती मी लिहिली होती, तीन वर्षांपूर्वी, आणि अख्खा गट ती डोळे झाकून वापरत होता. मी ती उघडली. पहिलाच हुकूम होता: सगळे आकडे शून्य करा.

वीज आल्यावर यंत्र उठतं. उठता उठता, कोणी हात लावायच्या आधीच, कर्नल कच्ची वही वाचतो, राहिलेलं काम पुरं करतो. त्या वेळी त्या ओळी चालतात, आकडे वाढतात. मग मी येते, स्क्रिप्ट सुरू करते, आणि पहिलं काय करते, तर ते सगळे आकडे ओतून देते. वर पुन्हा कपाळाला हात लावून बसते की शून्य कसं! दोन महिने नव्हे, तीन वर्षं रोज डेरा पालथा घालत होते, आणि माझं ऐकून पुण्यातली दहा शहाणी माणसंही घालत होती.

मला स्वतःची इतकी लाज वाटली आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी खुर्चीत बसून मोठ्याने हसू लागले. आई दारात उभी. "येड लागलं का ग?"

"तू सांगितलंस ते खरंय," मी म्हटलं. "ओतायच्या आधी बघावं."

"ते तुला चाळीस वर्ष सांगतीय मी," ती म्हणाली आणि काकूंकडे घागरभर पाणी मागायला निघून गेली. टँकर संध्याकाळी आला, आणि त्यावरून मला आणखी दोनदा बोलणी बसली. ती मला त्या दिवशी गोड लागली.

स्क्रिप्टमधला तो हुकूम मी खाली ढकलला. आता उठल्यावर सगळ्यांत आधी आकडे वाचून बाजूला ठेवायचे, मग काय शून्य करायचं ते करा. दुसऱ्या दिवशी यंत्राला सारखं लिहीत राहायला लावलं आणि मी लोडशेडिंगची वाट बघत बसले. प्लग उपटता आला असता, पण मला त्या दिवशी लातूरचीच वीज हवी होती. तर ती जाईना! बाराची वेळ, साडेबारा झाले, एक झाला. गल्लीत लोक खूष, पंखे फिरताहेत, आणि मी एकटी विजेला शिव्या घालत होते. आई म्हणाली, "नको तवा जाती. आता तुला पायजे म्हणून बसली अडून."

दीडला गेली. साडेतीनला आली. यंत्र उठलं. मी कशालाही हात न लावता आकडे काढून घेतले, लॅपटॉपवर आणले, ती फाईल उघडली. वरपासून खालपर्यंत हिरवी. वर्षानुवर्षं लाल पट्टा होता तिथं हिरवं शिवार. मी अशी किंचाळले की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "साप निघाला का?"

"हिरवी झाली!"

तिने येऊन पडद्याला नाक लावून चांगल्या डोळ्याने बघितलं. "हे खालचं तांबडं काय ऱ्हायलंय?"

ऑपरेशन झालेल्या एका डोळ्याने तिला जे दिसलं, ते आनंदाच्या भरात मला दिसलंच नव्हतं. खाली सहा ओळी अजून लाल होत्या. कच्च्या वहीतली शेवटची नोंद लिहिता लिहिताच वीज गेली असेल, म्हणजे नोंद अर्धीच असेल, तर काय करायचं, याच्या त्या ओळी. नेमकी ती वेळ साधणं नशिबाचा भाग होता. "कुलूप लावलेली घरं आहेत ती," मी म्हटलं. आईला लगेच कळलं. "मग पुन्यांदा जावं लागंल," ती म्हणाली.

पुन्हा पुन्हा गेले. लोडशेडिंगचे दोन फेरे आणि मधल्या वेळात माझे प्लग. आठव्या दिवशी दुपारी त्या सहाही ओळी हिरव्या झाल्या. मी अहवाल बांधला, प्रमुखाला पाठवायला पत्र लिहिलं, आणि आईला सांगितलं की झालं, सगळं हिरवं.

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत जाऊन बघितलीस का, का रस्त्यावरनंच खूण केली?"

मला राग आला. खरं सांगते, तिचा त्या क्षणी फार राग आला. ओळ चालली हे आकड्यात दिसत होतं, आणखी काय बघायचं? पण राग ओसरायच्या आतच समजलं की हिरवा रंग म्हणजे भिंतीवरची गेरूची खूण. ओळ चालली एवढंच तो सांगतो. नीट चालली का, ते आत वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. पत्र तसंच ठेवलं आणि यंत्राने वीज जाण्याआधी लिहिलेल्या फाईली एकेक उघडून तपासायला बसले.

एकोणिसावी फाईल चुकीची निघाली. अर्धा मजकूर नवा, अर्धा जुना, आणि कर्नल म्हणत होता सगळं व्यवस्थित आहे. त्या सहा ओळी अर्धवट नोंद टाकून द्यायच्या ऐवजी तिला पूर्ण समजून पक्क्या जागी उतरवत होत्या. ज्या घरात कधीच कोणी गेलं नव्हतं, अळ्या त्याच घरात होत्या. आमच्या कंपनीचा हा भाग किती दवाखान्यांत, किती बँकांत, किती तहसिलींत चालत असेल कोण जाणे. तिथंही वीज जातच असणार.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. ती घातली आणि पुढचे चार दिवस यंत्राचे हालहाल केले. आता अर्धी नोंद आली की कर्नल ती मुकाट्याने बाजूला टाकत होता. प्रत्येक वेळी मी फाईली उघडून, वाचून बघितल्या. अहवाल पाठवला तो त्यानंतर.

सभा तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात होती. पडद्यावर पुण्याचे दहा चेहरे आणि वरचे दोन साहेब. मी पहिल्यांदा माझी चूक सांगितली. "शून्य करायचा हुकूम माझा आहे. तीन वर्षं तो चुकीच्या जागी होता." कोणीतरी खाकरलं. मग मी हिरवी फाईल दाखवली. मग एकोणिसावी फाईल दाखवली. मोठ्या साहेबांनी एवढंच विचारलं, "हे आपल्या लॅबमध्ये का सापडलं नाही?"

"कारण तिथं वीज जात नाही," मी म्हटलं.

प्रमुख हसू दाबत म्हणाला, "मॅडम, मग आम्ही काय करायचं?"

"प्लग उपटायला एक माणूस ठेवा. नाही तर लातूरला या. इथं हे काम फुकट होतं."

सगळे हसले, साहेबही. सभा संपल्यावर प्रमुखाचा फोन आला. स्क्रिप्ट बदलून त्यांनी सगळीकडे चालवली होती आणि कर्नलच्या सुरुवातीचे असे कितीतरी लाल पट्टे हिरवे झाले होते. काही मात्र लालच राहिले होते. "ते आता तुमचे," तो म्हणाला. "आणि मॅडम, तुम्ही तिथंच राहा. हे काम तिथूनच व्हायला पाहिजे, असं वरून आलंय. मुदत नाही." या वेळी तो हातचं राखून बोलला नाही.

मी फोन ठेवला आणि खोलीत एकटीच नाचले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, पंख्याखाली, घामाने निथळत. ज्या विजेला रोज शिव्या घातल्या तिनेच मला लातूरला ठेवून घेतलं होतं. मग आत गेले. आई बुद्धाच्या तसबिरीखाली पलंगावर बसली होती.

"आई, नोकरी राहिली. आणि मी इथंच राहणार. कायमची."

"खरं?"

"खरं. आत जाऊन बघितलंय."

ती पलंगावरून उतरली. वाकली आणि पलंगाखालून एक पिशवी ओढून काढली, मग दुसरी. दोन्ही गच्च भरलेल्या. तिच्या साड्या, चादर, डोळ्याच्या औषधाचे कागद, वडिलांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळलेला. ती एकेक साडी काढून कपाटात लावू लागली. मी बघितलं तर कपाट रिकामं होतं. तीन महिने मी त्या घरात लाल ओळी शोधत होते, आणि आईचं कपाट एकदाही उघडून बघितलं नव्हतं.

"तू तर येणार नव्हतीस पुण्याला," मी म्हटलं.

"नव्हतेच यायची," आई म्हणाली. "पण माझ्यापायी तुझी नोकरी गेली असती तर? तू आलीस त्याच आठवड्यात भरून ठिवलंय. चल, तो फोटू दे इकडं, खिळ्याला लावू."